चॉपर घेताय? इंजिनाआधी जोड बघा

कोल्हापूरहून माझी चॉपर, म्हणजे कापून-जोडून बनवलेली मोटारसायकल, घेऊन निघालो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. निपाणी मागं पडली, तवंदी घाट लागला आणि एका वळणावर गाडीचा जीवच गेला. इंजिन बंद, दिवा बंद, हॉर्नसुद्धा नाही. किका मारून मारून मांड्या भरून आल्या. शेवटी एका टेम्पोवाल्यानं गाडी वर चढवून संकेश्वरपर्यंत आणून सोडलं. तिथल्या मेस्त्रींनी सीट काढली, बॅटरीची काळी वायर चासीला आवळलेला बोल्ट खोलला, हॅक्सॉ ब्लेडनं खालचा रंग खरवडला आणि बोल्ट परत आवळला. पहिल्या किकला गाडी चालू. "इंजिन झकास आहे की हो," मेस्त्री म्हणाले, "रंगानं मारलं तुम्हाला."

झालं होतं ते असं. ज्यानं गाडी बनवली त्यानं चासीला सुंदर काळं पावडर कोटिंग करून घेतलं आणि अर्थिंगची वायर त्या कोटिंगवरच आवळली. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा जात होता तेवढ्यावर गाडी कोल्हापूरपासून तवंदीपर्यंत आली, हेच नवल.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझी गाडी जुन्या ३५०च्या बुलेटवर बनवलेली. खानापूरच्या एका दोस्ताची बजाजच्या ॲव्हेंजरवर, निपाणीच्या एकाची मागचे शॉकअप काढून टाकलेली बुलेट. रविवारी चहाला बसलो की कुणाचं काय तुटलं यावरच गप्पा. या सहा वर्षांत आमच्यापैकी एकाचंही इंजिन रस्त्यात बसलेलं नाही. गाडी थांबली ती दर वेळी जोडापाशी. वेल्डिंगचा जोड, वायरचा जोड, नटबोल्टचा जोड, आणि सगळ्यात महागात पडणारा म्हणजे कागदाचा जोड. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं पहिल्यांदा चॉपर घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गाडी कोणत्या क्रमानं बघायची तोच क्रम ठेवलाय.

१. आधी ठरवा : कापलेली हवी की सजवलेली?

चॉप म्हणजे तोडणं. अस्सल चॉपरची चासी कापलेली असते. स्टीअरिंगची मान (चासीचा पुढचा भाग, जिथं हँडल बसतं) पुढं तिरकी केलेली, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) लांब, मागं कधी शॉकअपच नाहीत. बॉबर त्या मानानं गरीब : मडगार्ड तोकडे, एकच सीट, रुंद हँडल, पण चासी बहुतेक वेळा मूळचीच.

कायदा आधी सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२अ आलं. त्यात मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दर बदलामागं, हे नीट वाचा. मान, चिमटा, सायलेन्सर, मडगार्ड असं मोजत गेलात तर आकडा कुठं जातो बघा.

म्हणून नवीन माणसाला माझा सल्ला सरळ आहे. चासीला हात न लावलेली, नटबोल्ट खोलून परत मूळ रूपात आणता येईल अशीच गाडी घ्या, आणि काढलेले मूळ भाग मालकाकडून मागून घेऊन माळ्यावर ठेवा. तेवढीही कटकट नको असेल तर कंपनीतूनच तशी येणारी गाडी बघा. जावाची पेराक २०१९ मध्ये आली, रॉयल एनफिल्डची गोअन क्लासिक २०२४ मध्ये. लांब चिमट्याची ऐट त्यांत नाही हे कबूल, पण नाक्यावर पोलिसानं हात केला तर पोटात गोळाही येत नाही.

माझी गाडी कापलेली आहे का? आहे. आज परत घ्यायची झाली तर घेणार नाही.

२. गाडी बघायला जायच्या आधी कागद मागवा

सीमाभागात निम्म्या गाड्या कोल्हापूर-सांगलीच्या, काही गोव्याच्या. एमएच ०९ ची गाडी आणून केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) च्या हद्दीत बिनधास्त फिरवणारे पुष्कळ आहेत. नियम असा की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला रोड टॅक्सही भरावा लागतो. भाव करताना ही रक्कम धरूनच बोला.

लागणारे कागद :

- मूळ आरसी. इंजिन नंबर, चासी नंबर आणि रंग गाडीशी ताडून बघा. रंगही आरसीवर असतो, आणि चॉपरचा रंग कधीच मूळचा नसतो.
- गाडी नावावर करायला फॉर्म २९, विकणाऱ्याच्या सहीच्या दोन प्रती, आणि फॉर्म ३०.
- दुसऱ्या राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी. इथं नवीन नंबरसाठी फॉर्म २७.
- कर्जावर घेतलेली असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा तसाच राहिलेला असतो.
- चालू इन्शुरन्स, एमिशनचं सर्टिफिकेट (महाराष्ट्रात त्याला पीयूसी म्हणतात), पत्त्याचा पुरावा.
- चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा.

हा शेवटचा कागद साधा वाटतो आणि चॉपरवाल्यांची गाडी अडते ती तिथंच. बुलेटसारख्या कित्येक गाड्यांचा चासी नंबर स्टीअरिंगच्या मानेवर ठोकलेला असतो, आणि चॉपर करताना कापतात तीच मान. ग्राइंडर फिरला की नंबर गेला. ग्राइंडरमधून वाचला तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आणि पावडर कोटिंगखाली बुजतो आणि ठसा उठत नाही. नंबर डोळ्यांना स्पष्ट दिसत नसेल, किंवा एखादा आकडा वाकडातिकडा ठोकल्यासारखा वाटला, तर भाव कितीही पडता असो, तिथून निघा. खोडलेल्या नंबरची गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर येते.

गाडीचं वयही बघा. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते. पंधरा वर्षं व्हायला आलेली कापलेली चॉपर स्वस्तात का मिळतेय, याचं उत्तर बहुतेक वेळा यात असतं.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात : बदल कळवले नसतील तर क्लेमच्या वेळी कंपनी बोट ठेवणार. विचारून घ्या, लेखी घ्या.

३. बघायला सुरुवात मानेपासून करा

आपल्याकडं गाडी बघायला गेलं की माणूस आधी किक मारतो आणि आवाज ऐकून खूश होतो. चॉपरला किक सगळ्यात शेवटी.

खाली बसा, टॉर्च घ्या आणि मान व चासी जिथं जोडली आहे तिथं बघा. वेल्डिंगची रेघ एकसारखी, नाण्यांची चवड आडवी पाडल्यासारखी दिसायला हवी. रंगात केसासारखी बारीक चीर किंवा तांबूस गंजाची रेघ दिसली तर खाली धातू फुटतोय असं धरा. अगदीच गुळगुळीत दिसलं तरी संशय घ्या, लांबी भरून घासलेली असू शकते. खिशात एक लोहचुंबक न्या आणि पातळ फडक्यात गुंडाळून मानेभोवती फिरवा. लांबीचा थर जाड असेल तिथं तो सुटतो.

विकणाऱ्याला विचारा : वेल्डिंग कुणी केलं? टिग, सीओटू की साधं आर्क? आतून नळी घातली होती का? जोडावर पट्टी मारली आहे का? "आमचा माणूस एकदम भारी आहे" हे उत्तर धरू नका.

आपल्या बेळगावकरांची एक सोय आहे जी बाहेरच्यांना नाही. उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्र्या आणि मशीन शॉप चिकार. मी तिथंच कामाला आहे म्हणून सांगतो : कास्टिंगची चीर शोधायला जो लाल डाय वापरतात तो चॉपरच्या मानेवरही चालतो. रंग खरवडायचा, जागा स्वच्छ पुसायची, डाय मारायचा, थोडा वेळ थांबून पुसून काढायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ओळखीतून कुणीही करून देईल. पहिल्यांदा तपासलं तेव्हा माझ्या मानेच्या खालच्या जोडावर बोटाच्या पेराएवढी रेघ आली होती. पोटात धस्स झालं. जुनं वेल्डिंग काढून, पट्टी मारून नवं करून घेतलं तेव्हा कुठं रात्रीची झोप लागली.

मग चिमटा. नळी अखंड लांब आहे, की मूळ नळीला वर आट्यांचा तुकडा जोडून लांब केली आहे? तुकडा जोडलेला असेल तर घेऊ नका. ब्रेक मारला की सगळा ताण त्या आट्यांवर येतो.

आता थोडं डोकं लावायचं काम. स्टीअरिंगच्या दांड्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत ओढा. ती टायर टेकतो त्या जागेच्या जरा पुढं पडते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल, आणि गाडी सरळ राहते ती त्याच्या जिवावर. मान तिरकी केली की ट्रेल वाढतो : हायवेला गाडी रेल्वेसारखी सरळ, पण खडेबाजारात हँडल आपोआप एका बाजूला कलंडतं. मान मूळच्या कोनात ठेवून नुसती तिरकी टी (चिमट्याच्या दोन्ही नळ्या मानेला धरून ठेवणारा भाग) बसवली तर उलटं होतं. ट्रेल घटतो आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. हे दिसायला अगदी चॉपरसारखंच असतं, म्हणून फसायला होतं. टी बदललेली आहे का, हे स्पष्ट विचारा.

शेवटी दोरी लावा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून पुढच्या चाकापर्यंत आणा. मागं रुंद टायर बसवलेल्या गाड्यांत चाक मधोमध नसतं, मग चेन तिरकी ओढली जाते आणि चेनसॉकेट पार खाऊन टाकते. चेनच्या आतल्या पट्ट्या एकाच बाजूनं घासून चकचकीत झाल्या असतील तर दोरीचीही गरज नाही.

४. वायरिंग : इथं जास्त वेळ द्या

चॉपरमध्ये वायर दिसू नये यासाठी सगळा आटापिटा असतो. वायरी हँडलच्या नळीतून, चासीच्या पोटातून नेतात. छान दिसतं, आणि काही बिघडलं की मेस्त्री कपाळाला हात लावतात.

- अर्थिंग कुठं आवळलं आहे ते बघा. खालचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे. आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा, गंज धरत नाही. इंजिनापासून बॅटरीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर टाकून घ्या.
- इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवा. इंजिन अडखळलं किंवा दिवा लुकलुकला तर मानेपाशी वायर तुटत आली आहे. रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलेटरची केबल तोकडी आहे.
- उंच हँडलला जिथं भोक पाडून वायर आत घातली आहे तिथं रबर आहे का? नसेल तर नळीची धार वायर कापत राहते.
- रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळतो तो) कुठं लपवला आहे? त्याला वारा लागायला हवा. सीटखाली कोंबलेला रेग्युलेटर उन्हाळ्यात उडतो.
- फ्यूज किती? सगळ्या गाडीला मिळून एकच असेल तर हॉर्नच्या वायरनं गाडी बंद पडेल.

माझ्या गाडीत बनवणाऱ्यानं सगळीकडं लालच वायर वापरली होती. दुकानात बहुतेक तेवढंच बंडल शिल्लक असावं. दोन रविवार बसून पूर्ण वायरिंग काढलं, रंगवार नवं टाकलं. चॉपर घेतली तर या खर्चाची तयारी सुरुवातीपासूनच ठेवा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर छोटी टाकी चढवली असेल तर मूळ टाकीतल्या फ्युएल पंपाचं काय केलं ते विचारायला विसरू नका.

५. आता किक मारा, आणि चालवून बघा

गार इंजिनावरच बघा. तुम्ही पोचायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असेल तर चहा प्या, थांबा.

उघडा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला, पण कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलला नाही, ही नेहमीची चूक. पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होतं. प्लग काढून बघा : पांढरा फटक असेल तर तेच. जेट बदलून भागतं, पण आधी किती दिवस तशी चालवली हे कुणी सांगत नाही. सायलेन्सरच्या आवाजावरून वेगळा दंड होतो, ती गोष्ट निराळी.

रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात आठचा आकडा काढा. मग साठ-सत्तरला थोडा वेळ सरळ चालवा आणि हँडलची थरथर हाताला जाणवते का ते बघा. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढं-मागं हलवा. टक् असा आवाज आला तर कोनसेट (मानेतलं बेअरिंग) ढिला.

६. पहिले हजार किलोमीटर

जुन्या ३५०च्या बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. एकच पिस्टन एवढा वरखाली होतो म्हटल्यावर सगळी गाडी हलणारच. मूळ गाडीत हे गृहीत धरून सगळं बसवलेलं असतं, चॉपरमध्ये धरलेलं नसतं. त्यातून मागचे शॉकअप नसतील तर रस्त्याचा प्रत्येक दणका थेट चासीला.

निपाणीच्या दोस्तानं एका वर्षात गमावलेल्या वस्तू : नंबर प्लेट दोनदा, मागचा दिवा, सायलेन्सरची क्लिप, बॅटरीचा ट्रे. टाकीचा कान फुटून पेट्रोल गळायला लागलं तेव्हा तो सुधारला.

पहिल्या शंभर किलोमीटरला सगळे नटबोल्ट पान्यानं तपासा. मग पाचशेला, मग हजाराला. जिथं जमेल तिथं नायलॉक नट, नाहीतर स्प्रिंग वायसर आणि निळा लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद). आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. टाकी रबरी बुशवरच बसवा. मागच्या दिव्याला एलईडी घाला, साध्या बल्बची तार हादऱ्यानं तुटते.

सोबत ठेवायचं सामान : पान्यांचा छोटा संच, पक्कड, प्लग आणि प्लगपाना, दोन-तीन फ्यूज, मीटरभर वायर, इन्सुलेशन टेप, क्लच आणि ॲक्सिलेटरची केबल, चेनची लॉक पट्टी, बाइंडिंग तार, सँडपेपरचा तुकडा. केबल तुमच्या हँडलच्या लांबीची हवी. उंच हँडलची केबल कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही, आधीच दोन बनवून ठेवा.

७. मेस्त्री एक, वही एक

गावोगावच्या मेस्त्रींना बुलेटचं इंजिन डोळे झाकून खोलता येतं. "होतंय की, व्हायला काय झालं" म्हणतात आणि करतातही. पण तुमच्या गाडीला पुढचं चाक कुठलं, मागचा हब कुठला, ब्रेक कुठल्या गाडीचा, हे त्यांना कसं कळणार? म्हणून वही करा. बेअरिंगचे नंबर, ब्रेक लायनर कुठल्या गाडीचे बसतात, चेनसॉकेटचे दात, केबलची लांबी, वायरचे रंग. विकणारा समोर असतानाच त्याला विचारून लिहा. पैसे दिल्यावर त्याचा फोन लागत नाही, हा स्वानुभव.

अमेरिकेतही हीच रड आहे. तिथं चॉपर कारखान्यात बनायच्या. टेक्सासची अमेरिकन आयर्नहॉर्स २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, कॅन्ससच्या बिग डॉगनं २०११ मध्ये गाड्या बनवणं थांबवलं. त्यांच्या गाड्यांत असलेल्या एस अँड एस कंपनीच्या इंजिनाचे भाग आजही मिळतात. पण चॉपरच्या कंपनीनं फक्त स्वतःच्या गाडीसाठी बनवलेला एखादा भाग गेला की मालक हिंडत बसतो. कोट्यवधी डॉलरच्या उलाढालीच्या कंपन्यांची ही गत, तर आपल्या गल्लीतला बनवणारा दुकान बंद करून पुण्याला गेला तर नवल काय!

८. घाट, गतिरोधक, पेट्रोल

गाडी लांब आणि पोट खाली, त्यामुळं गावातल्या उंच गतिरोधकावर चासी घासते. तिरकी चढवा, हळू. गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या आवळ वळणांवर लांब चिमट्याची गाडी अर्ध्या रस्त्यात मावत नाही, समोरून गोव्याची बस येतेय हे धरूनच वळा. छोट्या टाकीत सात-आठ लिटर बसतं. बेळगावहून पणजी शंभरावर किलोमीटर, आणि जांबोटी सोडल्यावर पुढं जंगलच. टाकी भरूनच निघा. गोव्यात पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून अर्ध्या टाकीवर निघालेला आमचा खानापूरचा दोस्त कणकुंबीच्या पुढं गाडी ढकलत होता.

९. पावसाळा

उघडा फिल्टर पाऊस ओढून घेतो. जूनमध्ये मूळ फिल्टरचा डबा परत लावा, शोभा गेली तरी चालेल. चिमट्याच्या क्रोमवर गंजाचे टिपके आले तर ते ऑइल सील फाडतात, म्हणून आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवा.

खानापूरकडं राहत असाल तर आषाढ-श्रावणात गाडी बाहेर न काढलेलीच बरी. टाकी काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून गंज धरतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल मात्र काढून टाका. बॅटरी सोडवून घरात आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा. गाडीवर प्लॅस्टिक टाकू नका, आत घाम धरतो, जुनी चादर बरी. गणपती झाले की प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोन-तीन किका कोरड्याच मारा, मग प्लग लावा. आणि मानेवर पुन्हा एकदा लाल डाय मारून बघा.